नॅचरल एस्टर तेलाचा ट्रान्सफॉर्मर : महापेतला एक उन्हाळा, एक पावसाळा

आमच्या सबस्टेशनच्या भिंतीपलीकडे पुठ्ठ्याच्या खोक्यांचं गोडाऊन आहे. टीटीसी या औद्योगिक पट्ट्यात जागा वाढवून मिळत नाही, त्यामुळे जुना १००० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर बदलताना आगीचा प्रश्न आधी सोडवायचा होता. ड्राय टाइपचा, म्हणजे तेलच नसलेल्या ट्रान्सफॉर्मरचा, विचार केला, पण शेजारच्या युनिटांची धूळ आणि केमिकलची हवा बघून सोडला. शेवटी २२ केव्हीचा, सोयाबीनपासून केलेलं तेल (नॅचरल एस्टर) भरलेला सीलबंद ट्रान्सफॉर्मर घेतला.

तेल महाग आहे. आम्हाला आलेल्या कोटेशनांत लिटरमागे मिनरलच्या, म्हणजे नेहमीच्या पेट्रोलियम तेलाच्या, दुपटीहून जास्त भाव होता. पण मिनरल तेलाचा फायर पॉइंट (तेल पेटून जळत राहतं ते तापमान) १७० अंशांच्या आसपास, याचा साडेतीनशेच्या. आमच्यापुरता हिशेब तिथेच मिटला.

चालायला निमूट आहे. तेल जाडसर, ४० अंशांना मिनरलच्या तिप्पट तरी, म्हणून रेडिएटर ऐसपैस मागून घ्या. ऑक्टोबरच्या उन्हात ओटीआयचा (तेलाचं तापमान दाखवणाऱ्या मीटरचा) काटा शेजारच्या मिनरलवाल्यापेक्षा थोडा वर असायचा, काळजी करण्याइतका नाही. पावसाळ्यात सिलिका जेल गुलाबी झालं का हे बघत फिरणं संपलं, कारण आत येणारी हवा त्या जेलने कोरडी करणारा ब्रीदरच यात नाही. हे तेल हवेला उघडं ठेवायचंच नसतं. त्याचा पातळ थर हवेत राहिला की कढईच्या कडेला धरतो तसा चिकट लेप होतो. झाकण उगाच उघडायचं नाही, हे आमच्या वायरमनना पटवायला वेळ लागला.

खरा ताप झाला लॅबचा. पावसाळ्यानंतरच्या सॅम्पलमध्ये पाणी ९० पीपीएम (दहा लाखांत ९० भाग) आलं आणि रिपोर्टवर लाल शेरा, ‘तेल ताबडतोब फिल्टर करा’. बीडीव्ही, म्हणजे तेल किती व्होल्टेज सोसतं तो आकडा, मात्र चांगला, ६० केव्हीच्या वर! लॅबने मिनरल तेलाचीच मर्यादा लावली होती. मिनरल तेल साध्या तापमानाला ५०-६० पीपीएम पाण्यातच तृप्त होतं. हे हजाराच्या पुढेही पाणी विरघळवून ठेवतं. उलट वाइंडिंगवरच्या इन्सुलेशनच्या कागदातला ओलावा तेल ओढून घेतं, म्हणून तो कागद जास्त टिकतो. आम्ल आकडाही मिनरलपेक्षा जास्तच दिसणार. डीजीएत (तेलात विरघळलेल्या वायूंच्या चाचणीत) इथेन दिसला म्हणून धावू नका, सोयाबीनच्या तेलात तो दोष नसतानाही निघतो. सॅम्पल पाठवताना बाटलीवर ‘नॅचरल एस्टर’ ठळक लिहा, आणि निकष या तेलासाठीच्या आयएस १६६५९ किंवा आयईसी ६२७७० च्या कुटुंबातले आहेत ना, ते फोनवर विचारून घ्या. नव्या तेलाला तिथे २०० पीपीएमपर्यंत मुभा आहे. फिल्टर मशीन भाड्याने आणलीत तर नळ्यांत उरलेलं मिनरल तेल आधी काढायला लावा. कंत्राटदार हो म्हणतो, उभं राहून बघावं लागतं.

आता मॅनेजमेंटला दुसऱ्या, जुन्या ट्रान्सफॉर्मरमध्येही हेच तेल हवंय. मी नको म्हटलंय. त्याचा कॉन्झर्वेटर (वरची तेलाची छोटी टाकी) उघडा श्वास घेणारा, गॅस्केट म्हातारी, आणि कागदात मुरलेलं मिनरल तेल निथळूनही थोडं उरतंच; ते सातेक टक्क्यांवर गेलं की ३०० अंशांवरचा फायर पॉइंट टिकत नाही. शिवाय तो कंपाउंडच्या कोपऱ्यात, मोकळ्यावर उभा आहे. त्याला मिनरलच बरं.