वाचनालयाची वर्गणी, नऊ महिन्यांनंतर: तारखांचा कागद काढू नका

गेल्या शनिवारी वाचनालयातून बदलून आणलेल्या पुस्तकाचे शेवटचे पान सवयीप्रमाणे उघडले, तर पुस्तक कधी कधी नेले गेले याचे शिक्के मारण्यासाठी तेथे चिकटवलेला तारखांचा कागद फाडून टाकलेला होता आणि त्याच्या जागी बारकोड होता. या एका कागदासाठी मी काउंटरवर अर्धा तास वाद घातला. नऊ महिन्यांच्या अनुभवाबद्दल लिहायचे कधीपासून मनात होते, ते आज त्याच निमित्ताने लिहीत आहे.

हिशेब आधी सांगतो. अनामत पाचशे रुपये, वर्गणी महिना साठ, एका वेळी एक पुस्तक. नऊ महिन्यांत 31 पुस्तके वाचली, म्हणजे एका पुस्तकाला साडेसतरा रुपयांच्या आत खर्च आला. तेवढ्या पैशांत दुकानातून दोन नवी पुस्तके आली असती आणि ती मी खात्रीच्या लेखकांचीच घेतली असती. पैसे मोजून विकत घेताना अनोळखी नावावर हात जात नाही. गेली वीस वर्षे मी त्याच दहाबारा लेखकांभोवती फिरत राहिलो, याचे खरे कारण तेच होते.

वाचनालयात सुरुवातीला माझी निराशाच झाली. जुन्या पुस्तकांची मूळ मुखपृष्ठे बांधणीत गेलेली, सगळ्यांना तोच तपकिरी पुठ्ठा, आणि कण्यावर लेखकाचे नाव व दाखल क्रमांक एवढेच. लेखकाचा परिचय नाही, मलपृष्ठावरचा मजकूर नाही. मग निवड कशावरून करायची? तेव्हा तारखांच्या कागदाकडे लक्ष गेले. उद्धव शेळके यांच्या ‘धग’च्या प्रतीवर शिक्क्यांनी भरलेले दोन कागद एकावर एक चिकटवलेले होते आणि नंतरची अकरा वर्षे कोरी होती. इतक्या लोकांनी नेलेले पुस्तक एकाएकी कोणीच का नेत नाही, एवढ्याच कुतूहलाने मी ते घरी आणले.

1960 साली आलेली ही कादंबरी मी पन्नाशीपर्यंत वाचली नव्हती, याची आज मनापासून खंत वाटते. आमचे घर साताऱ्याकडचे, त्यामुळे ‘माहा’, ‘तुहा’, ‘करून राह्यला’ ही वऱ्हाडी बोली कानावर नव्हती आणि पहिल्या वीस पानांत मी दोनदा थांबलो. मग संवाद मोठ्याने वाचायला लागलो आणि अडचण संपली. कौतिक ही बाई संसार सावरण्यासाठी जे जे करते, त्यावर लेखक कोठेही हळहळत नाही, आणि म्हणूनच ते वाचणाऱ्याला सोसवत नाही. ज्यांना हे पुस्तक सुचवाल, त्यांना मोठ्याने वाचण्याचा हा उपाय आधी सांगा; मी तो माझ्या बहिणीला सांगायला विसरलो आणि तिने पुस्तक चौथ्या दिवशी परत दिले.

त्यानंतर मी पद्धतच ठरवून टाकली: एके काळी भरपूर शिक्के, नंतर दीर्घ खंड, अशा प्रती शोधायच्या. विभावरी शिरूरकर हे नाव शाळेपासून माहीत होते, पण ते मालतीबाई बेडेकर यांचे टोपणनाव आणि 1933 साली ‘कळ्यांचे निःश्वास’मुळे उठलेले वादळ, यापलीकडे मी गेलो नव्हतो. ‘बळी’ हाती आली ती याच पद्धतीने. सोलापूरच्या गुन्हेगार जमातींच्या वसाहतीत बाईंनी स्वतः अधिकारी म्हणून काम केले होते. कुंपणाच्या आतले आयुष्य त्यांनी 1950 साली, म्हणजे काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवणारा, 1871 पासून चालत आलेला कायदा देशभरातून रद्द होण्याच्या दोन वर्षे आधी, कादंबरीत आणले. निपाणीत पिठाची गिरणी चालवता चालवता लिहिणारे महादेव मोरेही मला असेच भेटले. टॅक्सीचालक, गॅरेजातले मिस्त्री, तंबाखूच्या वखारीतल्या बाया यांच्यावर त्यांनी लिहिले आहे, आणि कामाचे तपशील इतके नेमके आहेत की ती माणसे काय बोलतात याआधी त्यांचे हात काय करत आहेत हे दिसते. ज्यांना लांब कादंबरीची धास्ती वाटते, त्यांनी मोरे यांच्या कथांपासून सुरुवात करावी.

एका बाबतीत मात्र माझी पद्धत फसली आणि माझे मतही बदलले. कमल देसाई यांच्या ‘काळा सूर्य आणि हॅट घालणारी बाई’च्या प्रतीवर मोजून सहा शिक्के होते. माझ्या नियमात ते पुस्तक बसत नव्हते. काउंटरवरच्या ताईंनी आग्रहाने दिले. कथानकाचा धागा सरळ हाती लागेना, म्हणून पहिल्यांदा मी ते अर्धवट परत केले आणि ‘हे कोणाला सुचवू नका’ असेही बोलून गेलो. दोन महिन्यांनी, बाकी पुस्तके वाचत असतानाही त्यातली वाक्ये आठवत राहिली, तेव्हा ते पुन्हा मागितले. आता ते माझ्या आवडत्या पुस्तकांत आहे आणि कमी शिक्क्यांवरून पुस्तक बाजूला ठेवणे मी सोडून दिले आहे. कागद फाडलेला सापडला तो नेमका याच प्रतीतला.

“ताई, बारकोड लावा, पण जुना कागद का काढला?” असे विचारल्यावर “सर, आता सगळं संगणकावर आहे,” असे उत्तर मिळाले. तपासले तर संगणकावर गेल्या जूनपासूनच्याच नोंदी आहेत. त्याआधी ती पुस्तके कधी आणि किती वेळा घरोघरी गेली, याचा एकमेव पुरावा तो कागद होता आणि पुस्तक निवडताना मला त्याच्याइतकी मदत दुसऱ्या कशाचीच झाली नाही. बारकोड पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला सहज बसतो; कागदाला हात लावण्याची गरजच नाही. तसा लेखी अर्ज मी कार्यकारी मंडळाला दिला आहे. कादंबऱ्यांच्या तीन कपाटांचे काम उरकले आहे, चार बाकी आहेत.

वर्गणी मी पुढच्या वर्षासाठी भरली आहे. तुमच्या वाचनालयात हे काम अजून सुरू झाले नसेल, तर याच आठवड्यात जाऊन शेवटची पाने पाहून घ्या आणि अर्ज द्या.