विजयदुर्ग, १७५६ आणि न घडलेला इतिहास : एका दुर्गफेरीचे परीक्षण

देवगड तालुक्यातील विजयदुर्गावर थंडीच्या हंगामात एक वेगळ्या धर्तीची दुर्गफेरी चालते. तट, बुरूज आणि सदर दाखवत पुढे सरकण्याऐवजी ती एकच प्रश्न हाती घेते : फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाचे धनी, मराठा आरमारप्रमुख तुळाजी आंगरे यांचे आरमार जळाले नसते, तर पुढे काय घडले असते? जर-तरच्या गप्पांना आपल्याकडे तोटा नाही. पानिपत जिंकले असते असे कोणी म्हणायचा अवकाश, पाचव्या मिनिटाला लंडनवर भगवा फडकलेला असतो. या फेरीचे पहिले दोन तास मात्र त्या मोहापासून दूर राहतात, आणि त्या दोन तासांसाठी तिची शिफारस करावीशी वाटते.

मार्गदर्शक निवृत्त शिक्षक आहेत. सगळे त्यांना गुरुजी म्हणतात. खाडीकडच्या बुरुजावर ते वाघोटन खाडीचा मोठा नकाशा पसरतात, वाऱ्याने उडू नये म्हणून कोपऱ्यांवर जांभ्याचे चिरे ठेवतात आणि शर्टाच्या रंगीत बटणांनी तुळाजींच्या गुराबा (मोठी लढाऊ जहाजे) व गलबते (लहान, हलकी जहाजे) मांडतात. १२ फेब्रुवारीला इंग्रज ॲडमिरल वॉटसनच्या ताफ्याचा भडिमार सुरू झाला, आंगऱ्यांनी पूर्वी ईस्ट इंडिया कंपनीकडूनच जिंकून आणलेले ‘रिस्टोरेशन’ जहाज पेटले, आणि जवळजवळ बांधून ठेवलेल्या जहाजांमधून आग पसरत जाऊन सारे आरमार भस्मसात झाले. त्याच रात्री कंपनीचा सेनाधिकारी क्लाइव्ह याने फौज उतरवून किल्ला आणि या मोहिमेत इंग्रजांच्या साथीला असलेल्या पेशव्यांची छावणी यांच्यामध्ये ठाण मांडले. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला. एवढे सांगून गुरुजी बटणे आपल्या हाती देतात : ‘आता तुम्ही सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख. लावा जहाजे.’

आमच्यातील एकाने सगळी बटणे खाडीत आत खोल सरकवली. गुरुजींनी लगेच भरती-ओहोटी काढली, जड गुराबा गाळात रुततील आणि गलबतेच तेवढी तरतील हे दाखवले, आणि वेढा पावसाळ्यापर्यंत लांबला तर काय, हे शेजारी उभ्या असलेल्या होडीवाल्याला विचारले. ‘पावसात हंय खयचा जहाज येतला?’ एवढेच तो म्हणाला. कल्पनेला पाणी, वारा आणि दारूगोळा यांची वेसण घालण्याची ही रीत मला फार आवडली.

त्याहून सरस भाग तहांचा आहे. मार्च १७५५ मध्ये नानासाहेब पेशव्यांच्या वतीने रामाजी महादेवांनी मुंबईकर इंग्रजांशी करार केला आणि पुढच्याच महिन्यात कमोडोर जेम्सने आंगऱ्यांचा सुवर्णदुर्ग घेतला, हे अनेकांना ठाऊक असते. वॉटसन आणि क्लाइव्ह मुंबईत मुळात दख्खनमधील फ्रेंचांवर चालून जाण्यासाठी जमले होते आणि इंग्रज-फ्रेंच तहामुळे ती मोहीम बारगळली, हे सहसा कोणी सांगत नाही. गुरुजी सांगतात, आणि विचारतात की तो तह झाला नसता तर हीच फौज पेशव्यांच्या साथीने दख्खनमधील फ्रेंच सेनानी बुसीवर गेली असती की नाही, आणि तुळाजींना निदान एक वर्ष मिळाले असते की नाही. साम्राज्यांचे भवितव्य दूरच्या एका सहीवर कसे टांगलेले असते, हे इतक्या नेमकेपणाने दाखवणारा वाटाड्या मी दुसरा पाहिलेला नाही. नानासाहेबांना मूर्ख ठरवण्याचा सोपा मार्गही ते टाळतात. पेशव्यांना न जुमानणारा तुळाजी पुण्याहून कसा दिसत असेल, तेही ऐकायला मिळते.

तिसऱ्या तासाला मात्र गाडी घसरते. आरमार वाचले असते तर इंग्रजांना बंगाल मिळवून देणारी १७५७ ची प्लासीची लढाई झालीच नसती, असा निष्कर्ष गुरुजी टाळ्यांच्या गजरात काढतात. कलकत्ता बंगालचा नवाब सिराजुद्दौल्याने जून १७५६ मध्ये घेतले, ती बातमी मद्रासला ऑगस्टमध्ये पोहोचली आणि बंगालकडे वॉटसन आणि क्लाइव्ह यांचा ताफा ऑक्टोबरमध्ये निघाला. तेव्हा कोकणात महिना-दीड महिन्याची खोटी झाली असती तरी वॉटसनला मद्रास गाठणे अशक्य नव्हते. प्लासी टळायला इंग्रजांची मोठी जहाजे निकामी व्हायला हवी होती किंवा निदान ती पावसाळाभर मुंबईत अडकायला हवी होती. ज्या काटेकोरपणाने त्यांनी बटणे हलवली, तो येथे कोठे गेला, असा प्रश्न पडला. मी शंका विचारली, तेव्हा जेवणाची वेळ झाल्याचे आयोजकांनी जाहीर केले.

जेवण बेताचे होते. शुल्क माफक आहे, पण तटावर सावली नाही. टोपी आणि पाणी आपापले न्यावे. दुपारनंतर गिर्ये येथील आंगऱ्यांची गोदी दाखवतात, ती घाईत उरकतात. जेथे ही जहाजे घडली आणि दुरुस्त झाली, तेथे फेरीची सुरुवात केली तर बुरुजावरच्या बटणांना अधिक वजन येईल.

सोबत मिळणारी पुस्तिका सुबक आहे, पण तिच्यात कोकणातल्याच बाणकोट किल्ल्याचे नावही नाही. इंग्रजांनी विजयदुर्ग हातचा सोडायला खळखळ केली आणि ऑक्टोबर १७५६ च्या पुण्याच्या तहात बाणकोट पदरात पाडून घेऊनच तो पेशव्यांना दिला. ती अदलाबदल झाली नसती आणि किल्ला इंग्रजांकडेच राहिला असता, तर पुढे विजयदुर्गावरून पेशव्यांचे आरमार सांभाळणाऱ्या आनंदराव धुळपांचे आरमार कोणत्या बंदरात उभे राहिले असते, हा प्रश्न या फेरीत सहज बसेल. त्यासाठी नकाशाही नवा लागणार नाही.