न्यूनन की वालरे? आइंडहोवनच्या कुठल्या अंगाला राहावं

नेदरलँड्समधल्या आइंडहोवन परिसरात नोकरी लागते, दोन-तीन वर्षं शहरातल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये जातात, मग मुलांसाठी अंगण हवंसं वाटू लागतं. आपल्या मराठी मंडळींच्या गप्पांत त्या टप्प्यावर दोन नावं हमखास येतात: शहराच्या ईशान्येचं न्यूनन आणि दक्षिणेचं वालरे. दोन्हीकडे स्वतःची छोटी नगरपालिका आहे. मी न्यूननमध्ये चार वर्षं भाड्याने राहिलो आणि 2020 साली वालरेत घर घेतलं. घरांच्या किमती, खोल्या, शाळांचे पत्ते तुम्ही एव्हाना फुंडा या घरविक्रीच्या संकेतस्थळावर आणि नकाशावर पाहिलेच असतील. त्यात मी शिरत नाही.

हॉलंड म्हटलं की समुद्रसपाटीखालची जमीन आणि बांध डोळ्यांसमोर येतात. इथे तसं काही नाही. ही ब्राबंट प्रांताची वाळूची जमीन आहे: झाडी, कुरणं, आणि मधून वाहणारी डॉमल नदी. बेल्जियममधून येणारी ही नदी आधी वालरेला भेटते, मग आइंडहोवन शहरातून जाते आणि पुढे न्यूनन नगरपालिकेतल्या नेडरवेटनला लागते. म्हणजे नदी एकच, तिच्या काठची ठिकाणं दोन, आणि मध्ये अख्खं शहर. घर घेताना मी हे ‘मध्ये शहर’ नकाशावर पाहिलं होतं, पण त्याचा अर्थ मला फार उशिरा कळला.

आधी न्यूननबद्दल, कारण माझा तिथला जीव अजून सुटलेला नाही. व्हॅन गॉग 1883 च्या डिसेंबरात तिथे आईवडिलांकडे आला आणि जवळजवळ दोन वर्षं राहिला. ‘बटाटे खाणारे’ हे चित्र त्याने तिथेच 1885 मध्ये काढलं. त्याचे वडील पाद्री होते, त्यांचं घर आजही उभं आहे. ऑपवेटनची पाणचक्की त्याने रंगवली, ती आमच्या घरापासून सायकलने दहा मिनिटांवर होती. मुलीला घेऊन मी कितीतरी रविवार तिथे घालवले. गावाला खरं मध्य आहे, झाडांखाली बसायला जागा आहे, आणि ओळखीचे लोक थांबून दोन शब्द बोलतात. एवढ्यावरच ठरवायचं असतं तर मी तिथून हललो नसतो.

मला हलवलं ते वाऱ्याने. माझं ऑफिस वेल्डहोवनला, म्हणजे शहराच्या नैर्ऋत्येला. न्यूनन ईशान्येला. आणि या देशात वारा बहुतेक वेळा नैर्ऋत्येकडूनच येतो. त्यामुळे रोज सकाळी सुमारे 13 किलोमीटर वाऱ्याच्या तोंडावर सायकल मारायची, तीही शहराचे सगळे सिग्नल पार करत. पहिल्या वर्षी हुरूप होता. न्यूननकडून शहरात येताना वाटेत 2014 साली केलेला तो अंधारात चमकणाऱ्या खड्यांचा सायकलमार्ग लागायचा, त्याचंही कौतुक वाटायचं. तिसऱ्या हिवाळ्यात मात्र पाऊस तोंडावर घेत, भिजलेल्या पँटने मी पहिल्या मीटिंगला बसायचो तेव्हा कामात लक्ष लागायचं नाही. संध्याकाळी तोच वारा पाठीशी असायचा हे खरं, पण सकाळचा थकवा त्याने भरून निघत नसे. गाडीने जाऊन पाहिलं, तर तेच शहर वळसा घालून ओलांडायचं, आणि वेळ फारसा वाचायचा नाही. रेल्वे स्टेशन दोन्ही गावांत नाही, तेव्हा तोही मार्ग बंद.

वालरेहून ऑफिस चार-पाच किलोमीटरवर, वायव्येला. तोच वारा आता डाव्या खांद्यावर येतो. ऐकायला ही गोष्ट किरकोळ वाटेल, पण माझ्या दिवसात रोजचा जवळपास तासभर परत आला. तो तास मुलीच्या शाळेच्या दारात आणि घरच्या नाश्त्याला जातो.

वालरेची उणीवही सांगतो. ते एक गाव नाही, दोन आहेत: वालरे आणि आल्स्ट. आल्स्ट 1923 पर्यंत वेगळी नगरपालिका होती आणि ते अजून जाणवतं: दुकानं तिकडे, जुनं, शांत गाव इकडे. आल्स्टमधून बेल्जियमकडे जाणाऱ्या रस्त्यावर वाहनांची रांग असायची. 2021 मध्ये पश्चिमेकडून नवा रस्ता झाल्यावर ती कमी झाल्यासारखी मला वाटते, तरी त्या रस्त्याला लागून घर बघत असाल तर खिडकी उघडून दहा मिनिटं उभे राहा. न्यूननसारखा चौक वालरेला नाही, हेही मान्य.

आता कारभार. न्यूननच्या नगरपरिषदेत 19 सदस्य, वालरेच्या 17. बुर्खमेस्टर, म्हणजे महापौर, दोन्हीकडे निवडून येत नाही. परिषदेच्या शिफारशीवरून सहा वर्षांसाठी त्याची नेमणूक होते. इथवर दोन्ही सारखेच. फरक मला जाणवला तो स्थैर्याचा. मी न्यूननमध्ये असताना, 2018 साली, प्रांताने न्यूनन आइंडहोवनमध्ये विलीन करण्याची प्रक्रिया सुरू केली. गाव ढवळून निघालं. बेकरीत पावाच्या रांगेत तोच विषय. 2019 च्या प्रांतिक निवडणुकीनंतर नव्या आघाडीने तो विषय थांबवला. गाव स्वतःसाठी इतक्या जिद्दीने उभं राहताना पाहून मला आदरच वाटला. पण घर घेताना तो प्रश्न पुन्हा उठेल का, हा विचार मनात आलाच.

वालरेने वेगळ्या तऱ्हेचा घाव सोसला आहे. 18 जुलै 2012 च्या पहाटे कोणीतरी दोन गाड्या नगरपालिकेच्या इमारतीत घुसवून आग लावली. उरल्या फक्त भिंती. शेजारच्या आजोबांनी पहिल्याच भेटीत मला ते सांगितलं, तेव्हा त्यांचा आवाज बदलला होता. गावाने त्याच जागी, जुन्या भिंती राखून, पुन्हा इमारत उभी केली. आज तिथे ग्रंथालयही आहे. नगरपालिकेच्या खिडकीवर काम असलं की मुलगी आधी पुस्तकांकडे पळते.

भारतीय पासपोर्ट असला तरी सलग पाच वर्षं कायदेशीर वास्तव्य झालं की इथे नगरपालिकेला मत देता येतं. माझी पाच वर्षं वालरेत आल्यावर पूर्ण झाली आणि मार्च 2022 मध्ये मी पहिलं मत दिलं. बोटाला शाई नाही, हातात लाल पेन्सिल आणि टेबलभर पसरणारी मतपत्रिका. यादीतल्या काही नावांना मी रस्त्यात भेटत होतो.

तुमचं काम तांत्रिक विद्यापीठात किंवा हेल्मंडला असेल, तर माझं सगळं गणित उलटं करा आणि बिनदिक्कत न्यूनन घ्या. वेल्डहोवन किंवा हाय टेक कॅम्पसला असेल तर माझा कल तुम्हाला कळलाच आहे. तरी बयाणा देण्याआधी फेब्रुवारीतल्या एखाद्या मंगळवारी सकाळी साडेसातला दोन्हीकडून सायकलने ऑफिस गाठून बघा. पाऊस असेल तर फारच उत्तम.