फ्लाइट सिम्युलेटरसाठी ५८००एक्स-थ्रीडी: अख्खा उन्हाळा काढल्यानंतरचा अनुभव

मशीन असं: बी४५० चिपसेटचा मदरबोर्ड, ३२ जीबी डीडीआर४ रॅम, आरटीएक्स ३०७० ग्राफिक्स कार्ड, १४४०पी मॉनिटर. प्रोसेसर आधी एएमडीचा रायझन ५ ३६०० होता, आता रायझन ७ ५८००एक्स-थ्रीडी आहे. वापर जवळपास पूर्णपणे मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२० साठी, त्यातही बहुतेक फ्लायबायवायरने बनवलेलं ए३२०निओ विमान. प्रोसेसर आणि कूलर सोडून काहीच बदललेलं नाही, त्यामुळे खाली जो फरक दिसेल तो त्या दोघांचाच.

खर्च करण्याआधी अडतंय कुठे ते बघा. सिमच्या जनरल ऑप्शन्समध्ये डेव्हलपर मोड सुरू केला की वर मेनूची पट्टी येते, तिच्यात फ्रेम रेट दाखवायची सोय आहे. त्या चौकटीत 'लिमिटेड बाय मेनथ्रेड' (मेनथ्रेड म्हणजे सिमचं मुख्य काम ओळीने करणारा प्रोसेसरवरचा धागा) लिहून येत असेल तर दोष प्रोसेसरचा. जीपीयू, म्हणजे ग्राफिक्स कार्ड, लिहून येत असेल तर हा प्रोसेसर घेऊन पैसे वाया जातील, आधी रिझोल्यूशन आणि ढगांची सेटिंग कमी करा. चाचणी दरवेळी एकाच ठिकाणी, एकाच हवामानात आणि एआय ट्रॅफिक (सिमने स्वतः चालवलेली इतर विमानं) बंद ठेवून करायची. गेटवर उभं राहून सीनरी पूर्ण लोड होईपर्यंत दोन-तीन मिनिटं थांबायचं, मगच आकडा वाचायचा. लाइव्ह वेदर लावून केलेल्या तुलनेला काही अर्थ नाही.

जुना ३६०० प्रोसेसर ओव्हरक्लॉक करून, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवून, काय मिळतं? खरं सांगायचं तर चिमूटभर. सगळे कोर ४.२ गिगाहर्ट्झवर १.३ व्होल्टच्या आसपास बांधले की रेंडरिंगसारख्या कामात फायदा दिसतो, पण सिमचा मेनथ्रेड एकाच कोरवर धावतो आणि तो कोर ४.२ पर्यंत आपोआपच जातो. म्हणजे वीज जास्त, उष्णता जास्त, फ्रेम तेवढेच. त्यापेक्षा रॅमचा वेग ३२०० वरून ३६०० वर नेणं आणि इन्फिनिटी फॅब्रिक (प्रोसेसरचे भाग आणि रॅम यांना जोडणारा आतला दुवा) १८०० मेगाहर्ट्झला लावून दोन्ही एकास एक ठेवणं जास्त उपयोगी पडलं. कारण मेनथ्रेडचा बराच वेळ हिशेब करण्यात जात नाही, मेमरीतून माहिती येण्याची वाट बघण्यात जातो. एल३ कॅशमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या छोट्या पण वेगवान मेमरीत, सापडलेली गोष्ट १०-१२ नॅनोसेकंदांत हाती येते, रॅमपर्यंत जावं लागलं तर ६०-७० किंवा त्याहून जास्त. ३६०० वर एल३ कॅश ३२ एमबी लिहिलेली असते, पण ती दोन तुकड्यांत आहे आणि प्रत्येक तीन कोरांच्या वाट्याला १६ एमबीच येते. ५८००एक्स-थ्रीडीवर आठही कोरांना मिळून सलग ९६ एमबी आहे. घड्याळ (क्लॉक स्पीड) फक्त ४.५ गिगाहर्ट्झपर्यंत जात असूनही तो पुढे का, याचं उत्तर एवढंच.

बसवताना तीन ठिकाणी लोक हमखास अडकतात. पहिलं बायोस, म्हणजे मदरबोर्डचं मूळ सॉफ्टवेअर. जुना प्रोसेसर बोर्डावर असतानाच नवं बायोस टाका, एजेसा (बायोसमधला एएमडीचा कोड) १.२.०.७ किंवा त्यापुढचं. त्यात एफटीपीएममुळे (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी प्रोसेसरमधली सोय) येणारा अधूनमधूनचा गचकाही दुरुस्त झाला आहे. एएमडीने तो दोष २०२२ मध्ये मान्य केला होता, आणि सिममधले कितीतरी 'अनाकलनीय' झटके त्याच्यापायी होते. बायोस टाकल्यावर सगळ्या सेटिंग पुसल्या जातात. एक्सएमपी (रॅमला तिच्या पूर्ण वेगावर नेणारी सेटिंग) पुन्हा चालू केलं नाही तर रॅम २१३३ किंवा २४०० वर रखडत राहते आणि माणूस नव्या प्रोसेसरला शिव्या देत बसतो.

दुसरं एन्क्रिप्शन. प्रोसेसर बदलल्यावर पहिल्यांदा चालू करताना काळ्या पडद्यावर एफटीपीएम रीसेट करायचं का, वाय की एन, असा प्रश्न येतो. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) चालू असेल आणि रिकव्हरी की हाताशी नसेल, तर वाय दाबल्यावर डिस्क कुलूपबंद होते. विंडोज ११ होममध्येसुद्धा डिव्हाइस एन्क्रिप्शन नकळत चालू असू शकतं. म्हणून आधी की लिहून ठेवा, एन्क्रिप्शन तात्पुरतं थांबवा, आणि मगच पेचकस हातात घ्या.

तिसरं कूलर काढणं. एएम४ या सॉकेटला पिना प्रोसेसरच्या खाली असतात आणि सॉकेटचा खटका त्याला वरून धरून ठेवत नाही. प्रोसेसर आणि कूलरमधली थर्मल पेस्ट वाळलेली असेल तर कूलर सरळ वर ओढल्यावर प्रोसेसर खटका बंद असतानाच उपटून येतो आणि पिना वाकतात. आधी दहा मिनिटं जड काम देऊन प्रोसेसर तापवायचा, मशीन बंद करून वायर काढायची, स्क्रू तिरप्या जोड्यांनी थोडे थोडे सैल करायचे, मग कूलर डावी-उजवीकडे हलकेच फिरवायचा. पेस्ट सुटल्याचं हाताला कळतं, तेव्हाच उचला. एएमडीचा सोबत आलेला कूलर थेट मागच्या प्लेटमध्ये स्क्रू होतो, त्यामुळे शेवटचा स्क्रू निघाला की ती प्लेट बोर्डामागे गळून पडते. एक हात तिथे ठेवा.

आता ओव्हरक्लॉकिंगचं. ५८००एक्स-थ्रीडीचा मल्टिप्लायर (ज्याने घड्याळ वाढवतात तो गुणक) बंद आहे आणि व्होल्टेजची मर्यादाही १.३५ व्होल्टच्या आसपास आखलेली आहे, कारण वर रचलेल्या कॅशला जास्त व्होल्टेज आणि उष्णता सोसत नाही. बेस क्लॉक वाढवायचा मार्ग बहुतेक बोर्डांवर एनव्हीएमई डिस्क आणि ग्राफिक्स कार्डाच्या पीसीआय एक्सप्रेसलाही सोबत ओढतो, त्या भानगडीत पडूच नये. कामाचा उपाय उलट दिशेने जातो: कर्व्ह ऑप्टिमायझर या सेटिंगने प्रत्येक कोरचं व्होल्टेज पायरीपायरीने खाली आणणं. एक पायरी म्हणजे अंदाजे ३ ते ५ मिलिव्होल्ट. बायोसमध्ये सोय नसेल तर पीबीओ२ ट्यूनर नावाचं छोटं टूल आहे. ते टास्क शेड्यूलरमध्ये 'हायेस्ट प्रिव्हिलेजेस'सह लॉगिनला लावावं लागतं, आणि मशीन स्लीपमधून उठलं की सेटिंग पुसली जाते, म्हणून जागं होण्याच्या घटनेवरही तेच टास्क लावायचं.

सगळ्या कोरांना उणे ३० पायऱ्या लिहून मोकळे होणारे खूप आहेत. बऱ्याच नगांवर ते चालतंही. पण अस्थिरता पूर्ण लोडवर दिसत नाही, हलक्या कामात दिसते, कारण तेव्हा एखादा कोर सगळ्यात वरच्या घड्याळावर असतो आणि व्होल्टेजला वाव उरत नाही. त्यामुळे सिनेबेंच ही पूर्ण लोडची चाचणी पास झाली आणि उतरायच्या वेळी सिम डेस्कटॉपवर आपटलं, असं होतं. कोरसायकलर नावाच्या टूलने एकेक कोर वेगळा तपासा, प्रत्येकाला किमान सहा मिनिटं, शक्यतो रात्रभर. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचइए-लॉगरचा (हार्डवेअरच्या चुकांची नोंद) १८ नंबर दिसला की तो कोर पाच पायऱ्या वर आणा. इथे सहा कोर उणे ३० वर, दोन उणे २० वर स्थिर आहेत.

फरक किती? हीथ्रोच्या गेटवर, टेरेन एलओडी (जमिनीवरचा तपशील किती लांबपर्यंत दाखवायचा ती सेटिंग) १०० ठेवून, मेनथ्रेडला आधी एका फ्रेमला ३३ ते ३६ मिलिसेकंद लागायचे, आता १९ ते २१. म्हणजे तिशीच्या आतबाहेर असलेले फ्रेम पन्नाशीच्या आसपास आले. ३५,००० फुटांवर मात्र फरक शोधावा लागतो, तिथे ग्राफिक्स कार्डच मर्यादा घालतं. खरी चैन सरासरीत नाहीच. फायनलला, म्हणजे उतरण्याच्या शेवटच्या टप्प्यात, नाक खाली करून धावपट्टीकडे येताना पूर्वी फ्रेमचा जो आलेख करवतीसारखा व्हायचा तो आता जवळपास सपाट राहतो, आणि फ्लेअरला (टेकण्याआधी नाक उचलताना) हात चुकत नाही. त्यासाठी फ्रेम मोकळे सोडू नका. १२० हर्ट्झच्या मॉनिटरवर ४० ला बांधा, म्हणजे प्रत्येक फ्रेमला २५ मिलिसेकंद मिळतात आणि मेनथ्रेडला चार-पाच मिलिसेकंदांची उसंत राहते. ६० हर्ट्झवर ३० ला बांधणं बरं. जमिनीवर टेरेन एलओडी २०० केलं की ही सगळी कमाई पुन्हा खाऊन टाकता येते.

उष्णतेचं म्हणाल तर या प्रोसेसरची कमाल मर्यादा ९० अंश आहे. १२० मिमी पंख्याच्या सिंगल टॉवर कूलरवर, मूळ व्होल्टेजला, सिनेबेंच लावलं की तो तिथवर पोहोचतोच. सिममध्ये हिवाळ्यात ६५-७०. एप्रिल-मे मध्ये खोली ३६-३७ वर गेली की प्रोसेसरही तितकाच वर सरकतो, ८० दिसतात. व्होल्टेज उतरवल्याने यातले सहा-सात अंश कमी झाले, आणि उन्हाळ्यात तेच कामी आलं. तापमान क्षणात दहा अंश उडी मारतं, त्यामुळे पंखा सतत घूं-घूं करतो. बायोसमध्ये पंख्याचा स्टेप-अप टाइम वाढवून ठेवा. वीज मात्र कमीच लागते, सिममध्ये पॅकेज पॉवर ७० वॅटच्या वर क्वचित जाते, त्यामुळे साध्या बी४५० बोर्डाच्या व्हीआरएमलाही (प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग) घाम फुटत नाही.

न सुटलेल्या गोष्टीही आहेत. लंडन-न्यूयॉर्कसारख्या फोटोग्रामेट्रीच्या (खऱ्या फोटोंवरून बनवलेल्या, नेटवरून येणाऱ्या थ्रीडी इमारतींच्या) शहरांवर नेट मंद झालं की गचका येतोच, त्याला प्रोसेसर काही करू शकत नाही. ग्लास कॉकपिटचे डिजिटल स्क्रीन मेनथ्रेड खातात, त्यांचा रिफ्रेश रेट मीडियमवर ठेवला तर उड्डाणात काही बिघडत नाही. रॅम आणखी घट्ट टाइमिंगवर बसवण्याचा खटाटोपही आता फारसा फळत नाही, मोठ्या कॅशने तिची गरजच कमी केली आहे.

५८००एक्स-थ्रीडीचं उत्पादन २०२४ मध्ये थांबलं. एएम४ बोर्ड आधीच असेल तर ४.१ गिगाहर्ट्झचा ५७००एक्स-थ्रीडी तेवढीच कॅश देतो, आणि सिममध्ये तो थोडाच मागे पडतो. बोर्ड आणि रॅमही नव्याने घ्यायची असेल तर एएम५ या नव्या सॉकेटवर ९८००एक्स-थ्रीडी बघा. त्यात कॅश कोरांच्या खाली गेल्याने उष्णता सहज बाहेर पडते, आणि मल्टिप्लायरही खुला आहे. जुना नग घेत असाल तर विकणाऱ्याकडून पिनांचे चारही बाजूंनी, तिरप्या कोनातून फोटो मागवा. रांग वाकडी असेल तर तिरप्या फोटोत लगेच दिसते, वरून काढलेल्या फोटोत लपते.