अ‍ॅबिसिनियाचं पदक : पैसे मागच्या बाजूचे

आयुष्य डाय, म्हणजे धातूवर ठसा उमटवणारे साचे, बनवण्यात गेलं, त्यामुळे पदक हातात आलं की मी राणीचा चेहरा नंतर बघतो, आधी ठसा बघतो. हे १८६७-६८ च्या अ‍ॅबिसिनिया (आजचा इथिओपिया) मोहिमेचं ब्रिटिश चांदीचं पदक इंग्लंडमधल्या एका विक्रेत्याकडून मागवलं. ३३व्या पायदळ पलटणीतल्या एका साध्या शिपायाचं.

आकाराने लहान, ३२ मिलिमीटर. मधोमध डोक्यावरून ओढणी घेतलेली व्हिक्टोरिया, भोवती नऊ टोकांची चांदणी आणि टोकांच्या मधल्या जागांत इंग्रजी ‘अ‍ॅबिसिनिया’ची बरोबर नऊ अक्षरं. वर मुकुट, त्यातून मोठी कडी. फीत पांढरी, मध्ये रुंद लाल पट्टा; माझ्याकडची फीत उघडच नवी आहे.

पण उलटं करा. पानांच्या माळेत शिपायाचं नाव आणि पलटण चक्क उठावात, म्हणजे वर आलेल्या अक्षरांत आहे! इतर मोहिमांच्या पदकांवर नाव कडेला ठोकून किंवा कोरून घालत. इथे प्रत्येक माणसासाठी वेगळा ठसा. पदकं सुमारे चौदा हजार. हा खर्च कोणी मंजूर केला असेल देव जाणे, आमच्या कारखान्यात असलं कोटेशन साहेबाने भिरकावलं असतं. मात्र हा थाट गोऱ्यांपुरता. हिंदी शिपायांच्या बहुतेक पदकांवर नाव नुसतं पंचने (अक्षराच्या ठोकणीने) ठोकलेलं असतं. आणि फौजेतला मोठा हिस्सा तर मुंबई लष्कराचा! सेनापती नेपियरही मुंबईचाच सरसेनापती.

या शिपायाने काय केलं? तांबड्या समुद्रावर झुला इथे उतरायचं आणि सुमारे ६०० किलोमीटर डोंगर चढत मगदला या डोंगरी किल्ल्यावर जायचं. सम्राट टेवोड्रोसने राणीला पाठवलेल्या पत्राला उत्तर आलं नाही, म्हणून त्याने ब्रिटिश वाणिज्यदूत आणि मिशनरी डांबून ठेवले. त्यांना सोडवायला ही सगळी यातायात. जड तोफा वाहायला हिंदुस्थानातून ४४ हत्ती नेले होते. १३ एप्रिल १८६८ ला ३३वी पलटण मगदलाच्या दारावर चढली. आत सम्राटाने स्वतःवर गोळी झाडली होती, तीही राणीनेच भेट दिलेल्या पिस्तुलातून. मग लूट झाली. तिथला सोन्याचा मुकुट आजही लंडनच्या संग्रहालयात आहे आणि इथिओपिया ही लूट परत मागतोय. पदक शोकेसमध्ये ठेवताना शेजारच्या चिठ्ठीवर मी हेही लिहिलंय. नुसती शौर्यगाथा लिहायला हात होईना.

आता तक्रार. वर्णनात ‘उत्तम स्थिती’ लिहिलं होतं, पण कोणीतरी पॉलिश मारमारून ओढणीच्या चुण्या सपाट केल्यात. फोटोत प्रकाश असा पाडलेला की ते कळू नये. विचारल्यावर विक्रेत्याने थोडी रक्कम परत केली, कुरकुर न करता. पॅकिंग झकास. कुरिअर आणि कस्टम धरून हिशेब करा, नाहीतर दारात पार्सल आल्यावर घाम फुटतो.

घेणार असाल तर मागच्या बाजूचा तिरप्या उजेडातला फोटो मागा. नावाभोवतीचा सपाट भाग खोलगट वाटला तर जुनं नाव घासून काढलेलं असू शकतं, सोडून द्या. नाव लंडनजवळ क्यूच्या राष्ट्रीय अभिलेखागारातल्या पदकयादीशी ताडून बघा.

पाचपैकी चार तारे. कापलेला एक पॉलिशवाल्याचा. आता मुंबई पलटणीतल्या एखाद्या शिपायाचं, पंचने नाव ठोकलेलं पदक शोधतोय. कुणाकडे असेल तर कळवा, पण कृपा करून चकचकीत करू नका.