लंडनचा नाताळ आणि पंधरा पौंडांची सायकल रिक्षा

डिसेंबर २०२३मध्ये मी, माझी आई आणि दहा वर्षांची लेक नाताळ बघायला लंडनला गेलो होतो. आठ दिवसांच्या त्या मुक्कामात २५ तारखेच्या संध्याकाळी, सायकल रिक्षातल्या अवघ्या बावीस मिनिटांत, आमचे ३३० पौंड गेले. रुपयांत जवळपास ३५ हजार. ते परत मिळाले नाहीत आणि आता मिळणारही नाहीत. पण वयस्कर माणसं आणि मुलं बरोबर घेऊन जे कुणी नाताळात तिथे जाणार असतील, त्यांना हे आधी कळायलाच हवं, म्हणून सगळं लिहिते आहे.

आधी मूळ मुद्दा. २५ डिसेंबरला लंडनमध्ये ट्यूब, म्हणजे तिथली भुयारी रेल्वे, बंद असते, लाल बस बंद असतात, ट्रेनही जवळजवळ नसतातच. दिवसभर. आपल्याकडे मोठ्या सणालासुद्धा लोकल निदान रविवारच्या वेळापत्रकाने धावते, त्यामुळे ‘बंद’ म्हणजे ‘कमी’ असंच आपल्या मनात बसलेलं असतं. मीही हे वाचलं होतं आणि ‘थोडं चालावं लागेल’ एवढाच त्याचा अर्थ लावला होता. जायचा विचार केला, परतायचा केला नाही. पुढचं सगळं त्यातून झालं.

सकाळ मात्र फार सुंदर गेली. हॉटेल पॅडिंग्टनजवळ होतं, तिथून हाइड पार्क चालत गाठता येतो. तिथल्या सर्पेंटाइन तळ्यात नाताळच्या सकाळी नऊ वाजता पोहण्याची शर्यत होते, पीटर पॅन कप. ‘पीटर पॅन’ या मुलांच्या गोष्टीचे लेखक जे. एम. बॅरी यांनी १९०४मध्ये हा चषक दिला, तेव्हापासून हे नाव. पोहता फक्त तिथल्या पोहण्याच्या क्लबच्या सभासदांना येतं, पण काठावर उभं राहून बघायला कुणालाही मनाई नाही आणि तिकीट नाही. लाल टोप्या घातलेले आजोबा त्या पाण्यात उतरत होते आणि माझी लेक स्वतःच्याच अंगावर काटा आल्यासारखी हात चोळत होती. तो तास आठवला की अजून बरं वाटतं.

दुपारी जेवून, जरा पडून, आम्ही पुन्हा निघालो. मार्बल आर्च, ऑक्सफर्ड स्ट्रीट, मग रीजंट स्ट्रीटवर डोक्यावर पंख पसरलेल्या दिव्यांच्या पऱ्या. थांबत, बसत ट्राफल्गार चौकापर्यंत पोहोचलो. तिथलं नाताळाचं झाड दरवर्षी नॉर्वेतल्या ऑस्लो शहराकडून येतं, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने केलेल्या मदतीची आठवण म्हणून, १९४७पासून. आई इतिहासाची शिक्षिका होती, तिला त्या झाडाखाली उभं राहून फोटो काढायचाच होता. काढला. समोरची नॅशनल गॅलरी त्या दिवशी बंद होती, म्हणजे आत जाऊन टेकायलाही जागा नाही. चारच्या आसपास सूर्य मावळला आणि अर्ध्या तासात पूर्ण अंधार झाला.

परत निघालो ते पिकॅडिली सर्कसपर्यंतच. एका बंद दुकानाच्या पायरीवर आई बसली आणि म्हणाली, “बाई गं, माझ्याच्यानं आता एक पाऊल टाकवत नाही.” तिचे गुडघे वाईट आहेत. ती सहसा बोलून दाखवत नाही, त्यामुळे मी घाबरले. टॅक्सीच्या अ‍ॅपवर चाळीस मिनिटं थांबा असं येत होतं आणि भाडं दर खेपेला वाढत होतं. काळ्या टॅक्सी जात होत्या, पण टपावरचा पिवळा दिवा विझलेला, म्हणजे आत प्रवासी.

तेवढ्यात ती सायकल रिक्षा आली. गुलाबी मखमलीसारखं आवरण, सगळीकडे दिव्यांच्या माळा, मोठ्याने वाजणारी नाताळची गाणी. लेक तर उड्याच मारायला लागली. चालक तरुण होता, हसरा, आईला त्याने “मम्मी” म्हणून हाक मारली आणि हात धरून चढवायला पुढे झाला. मी भाडं विचारलं. तो म्हणाला, “फाइव्ह पाउंड, वन पर्सन.” मी तीन बोटं दाखवून म्हटलं, “थ्री पीपल, फिफ्टीन?” त्याने मान डोलावली. आदल्या रात्री काळ्या टॅक्सीने जवळजवळ तेवढ्याच अंतराला आम्ही मीटरप्रमाणे २४ पौंड दिले होते, म्हणून १५ मला पटले. एवढ्यावर मी बसले. आईच्या पायांवर त्याने पांघरूण घातलं, त्याचं तर मला कौतुकच वाटलं.

हॉटेलच्या अलीकडच्या कोपऱ्यावर त्याने रिक्षा थांबवली. गाणी चालूच. मी कार्ड मशीनला टॅप केलं, चाललं नाही. “नो टॅप, पिन, पिन,” म्हणत त्याने कार्ड आत सरकवलं आणि मशीन स्वतःच्या हातात धरून माझ्यापुढे केलं. त्याचा अंगठा पडद्यावर आडवा होता. मी एका हाताने आईला उतरवत होते, दुसऱ्या हाताने पिन दाबला. कार्ड परत दिलं, “मेरी ख्रिसमस” म्हणाला आणि गेला. पावती मागायचं मला सुचलंच नाही. खोलीत गेल्यावर, हॉटेलच्या वायफायवर फोन लागला, तेव्हा संदेश दिसला: ३३० पौंड.

आता त्या पिनबद्दल. ब्रिटनमध्ये तेव्हा १०० पौंडांपर्यंतच्या रकमेला कार्ड नुसतं टॅप करून चालत असे, त्याहून मोठ्या रकमेला पिन लागायचा. आठवडाभर ट्यूबमध्ये, दुकानात, कॅफेत माझं तेच कार्ड टॅप होत होतं. पंधरा पौंडांना पिन कशाला, हा प्रश्न मला तिथेच पडायला हवा होता. मशीन अचानक पिन मागायला लागलं तर ते नेटवर्क खराब असल्यामुळेही असेल, पण रक्कम मोठी असल्यामुळेही असू शकतं. अशा वेळी मशीन सरळ आपल्या हातात घ्या. आकडा मोठ्याने वाचा. मग पिन.

हिशेब कसा झाला तेही नंतर कळलं. लेकीने बसण्याआधी रिक्षाचा फोटो काढला होता. तो मोठा करून बघितला तर सीटच्या मागे, गुलाबी आवरणाखाली अर्धा झाकलेला, लॅमिनेशन केलेला दरफलक: माणशी, दर मिनिटाला ५ पौंड. तीन माणसं, बावीस मिनिटं, ३३०. ‘दर मिनिटाला’ हे दोन शब्द त्याने बोलताना गाळले आणि माझ्या पंधराला मान डोलावली. त्याने रस्ताही लांबचा घेतला होता का, हे मला ओळखता आलं नाही. परक्या शहरात, अंधारात, ते कळणारही कसं?

दुसऱ्या दिवशी तक्रार केली. पोलिसांच्या १०१ क्रमांकावर नोंद झाली, संदर्भ क्रमांक मिळाला, पण हा भाड्यावरचा वाद आहे असंच ऐकायला मिळालं. कार्डाच्या बँकेने दीड महिन्याने उत्तर दिलं की पिन टाकून झालेला व्यवहार कार्डधारकाच्या संमतीचाच धरला जातो. आणि विवरणपत्रावर ज्याचं नाव होतं, त्यावरून तर तो रिक्षावाला होता हेही कुणाला कळलं नसतं.

मला सगळ्यात जास्त राग कशाचा आला सांगू? काळी टॅक्सी, अ‍ॅपवरची टॅक्सी, सगळ्यांना परवाना लागतो, चालकाची पार्श्वभूमी तपासतात. सायकल रिक्षा मात्र १८६९च्या घोडागाड्यांच्या काळातल्या एका कायद्यामुळे लंडनपुरत्या टॅक्सीच्या व्याख्येतच बसत नव्हत्या. दर कितीही, विमा असो नसो. लोकांकडून शेकडो पौंड उकळल्याच्या बातम्या अनेक वर्षं येत होत्या. शेवटी एप्रिल २०२४मध्ये खास लंडनच्या सायकल रिक्षांसाठी कायदा मंजूर झाला आणि परवाने, भाडं, विमा यांचे नियम करायचा अधिकार तिथल्या वाहतूक यंत्रणेला मिळाला. आम्ही गेलो होतो त्यानंतर चार महिन्यांनी. तरी कायदा झाला म्हणून बिनधास्त बसू नका. रिक्षावर परवाना दिसत नसेल तर चढूच नका, मुलं कितीही मागे लागली तरी.

हेही सांगते की आम्ही बेसावध माणसं नव्हतो. दोनच दिवस आधी वेस्टमिन्स्टर पुलावर तीन वाट्या आणि एका चेंडूचा खेळ चालला होता. चेंडू कुठल्या वाटीखाली आहे ते ओळखा आणि पैसे दुप्पट. समोर जिंकणारे ‘प्रवासी’ त्याच टोळीतले असतात, हे मला माहीत होतं. मी लेकीचा हात धरून तिला तिथून लांब नेलं. ठग म्हटलं की मला तसलीच माणसं डोळ्यांसमोर येत. आईच्या पायांवर पांघरूण घालणारा मुलगा त्या चित्रात नव्हता.

येत्या डिसेंबरात माझी नणंद सासू-सासऱ्यांना घेऊन जाते आहे. तिला मी कागदावर लिहून दिलंय. २४ तारखेला वाहतूक संध्याकाळी लवकर आवरते, तेव्हा रात्रीचे दिवे त्याआधीच बघून घ्या. २४ ते २६ ब्रिटिश म्युझियम बंद, नॅशनल गॅलरीही बंद, म्हणून ती दोन्ही २३पर्यंत उरका. हाइड पार्कमधली विंटर वंडरलँडची जत्रा २५ला नसते. वेस्टमिन्स्टर अ‍ॅबी आणि सेंट पॉल्स या मोठ्या चर्चमध्ये त्या दिवशी पर्यटकांना फिरता येत नाही, पण प्रार्थनेला कुणीही जाऊन बसू शकतं आणि त्याला पैसे पडत नाहीत. सासूबाईंना तिथलं गायन नक्की ऐकवा. २५ची परतीची टॅक्सी दोन-तीन दिवस आधी वेळ सांगून ठरवा. सणाचं जादा भाडं लागेल, ते द्या. फॉरेक्स कार्डच्या (परदेशात वापरायला आधी पैसे भरून ठेवलेल्या कार्डच्या) अ‍ॅपमध्ये दर व्यवहाराची मर्यादा लावता येत असेल तर त्या दिवसापुरती ५० पौंडांवर आणा.

तिने कागद वाचून विचारलं, “मर्यादा ५०वर आणली आणि खरंच जास्त लागले तर?” मी म्हटलं, तर मशीन नाही म्हणेल, आणि नाही का म्हणतंय ते तू बघशील.