पाच प्रकारचे मायक्रोफायबर टॉवेल आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा

मुलीने काळी गाडी बुक केली तेव्हाच मी म्हणालो होतो, "अगं, पांढरी घे, राखाडी घे. नाशिकची धूळ आणि काळा रंग यांचं जमत नाही." सातपूरच्या कारखान्यात ३१ वर्षं पेंट शॉपमध्ये काढलेल्या माणसाचं घरात कोण ऐकतंय! दसऱ्याला गाडी आली, काळीच आली. आणि तिच्यावर पहिले ओरखडे मीच पाडले.

दुसऱ्या दिवशी बॉनेटवर हळदकुंकू, झेंडूच्या पाकळ्या आणि रात्रीची धूळ होती. हाताशी जुना बनियन होता, धुऊन धुऊन लोण्यासारखा मऊ झालेला. घेतला आणि कोरडाच फिरवला. आठवड्याने पाथर्डी फाट्याच्या पेट्रोल पंपावर रात्री वरच्या एलईडी दिव्याखाली गाडी उभी राहिली, तर बॉनेटवर कोळ्याचं जाळं. मुलगी काही बोलली नाही. "बाबा, बघा" एवढंच म्हणाली.

ज्यांना हे जाळं गोल फिरवून पुसल्यामुळे होतं असं वाटतं त्यांच्यासाठी सांगतो. ओरखडे सगळ्या दिशांना असतात. दिव्याशी काटकोनात येणारे तेवढे चमकतात, म्हणून दिव्याभोवती वर्तुळं दिसतात. दिवा हलवा, वर्तुळं त्याच्याबरोबर हलतात. गाडीवरचा सगळा रंग, म्हणजे खालच्या प्रायमरपासून वरच्या क्लिअरकोटपर्यंत, साधारण १०० ते १२० मायक्रॉन जाडीचा. वहीच्या एका कागदाएवढा. त्यात चकाकी देणारा क्लिअरकोट ४०-५० मायक्रॉन. पॉलिश करून ओरखडा घालवायचा म्हणजे यातलाच थोडा थर खरवडायचा. कारखान्यात क्लिअरकोटच्या आधी बॉडीवरची धूळ टिपायला राळ लावलेलं चिकट कापड असायचं. मोठ्या प्लांटमध्ये तर ईमूच्या पिसांचे फिरते रोलर असतात. तिथे एवढी काळजी घेणारा माणूस घरी बनियनने गाडी पुसतो, याला काय म्हणावं ते तुम्हीच ठरवा.

तर त्या अपराधापोटी मी मायक्रोफायबरचे, म्हणजे अगदी बारीक कृत्रिम तंतूंचे, टॉवेल घ्यायला निघालो. गेल्या सात-आठ महिन्यांत पाच प्रकारचे घेतले, वापरले, धुतले. नावं लिहीत नाही, कारण वेगवेगळ्या नावांच्या दोन पाकिटांतून शिलाईच्या टाक्यापर्यंत सारखाच टॉवेल निघाला. नाव बघून घेण्यात अर्थ राहिला नाही.

पहिला घेतला तो प्लास्टिकच्या नळकांड्यातला पिवळा शॅमॉय, १८० रुपये. हा मायक्रोफायबर नाहीच, पण दुकानात त्याच फळीवर ठेवलेला असतो आणि अर्धं नाशिक तेच वापरतं. पाणी बरं ओढतो. पण त्याला लव नाही. पृष्ठभाग रबरासारखा सपाट, त्यामुळे खाली वाळूचा एक कण राहिला तरी त्या कणाला रंगापासून दूर, कापडात शिरायला जागाच नसते. वाळला की पापडासारखा कडक होतो. आता तो दारांच्या आतल्या कडा पुसायला ठेवलाय.

दुसरा द्वारका भागातल्या एका ऍक्सेसरीजच्या दुकानातून. पोरगा चुणचुणीत होता. "काका, आठशे जीएसएम आहे, एक नंबर माल." एका नगाला १५० रुपये. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममध्ये वजन. आता हा टॉवेल ४० बाय ४० सेंटीमीटरचा, म्हणजे ०.१६ चौरस मीटर. ८०० ने गुणलं की १२८ ग्रॅम भरायला हवा. मुलीचा केकचं पीठ मोजायचा काटा ओट्यावरच असतो. ठेवला, ९२ ग्रॅम. भागाकार केला, ५७५ जीएसएम, तेही काठाच्या पट्टीचं वजन धरून. टॉवेल वाईट नव्हता हो, ५७५ सुद्धा पुष्कळ झालं. पण ८०० म्हणून का विकायचा? दुकानात काटा नेता येत नाही, तरी एक करता येतं. आकड्याला ०.१६ ने गुणून येणारं वजन लक्षात ठेवा आणि तेवढ्या वजनाची एखादी ओळखीची वस्तू हातात आठवा. १२८ ग्रॅम म्हणजे आंघोळीच्या मोठ्या साबणवडीएवढा भार लागायला हवा.

तिसरा ऑनलाइन घेतला, चार नगांचा संच, ५०० जीएसएम. ८० ग्रॅमच्या जागी ७८ भरला, म्हणजे माणसं प्रामाणिक. एका बाजूला आखूड लव, दुसऱ्या बाजूला लांब. वॅक्स लावल्यावर आखूड बाजूने उचलायचं, लांब बाजूने शेवटचा हात फिरवायचा. कापड खरोखर सुंदर. पण काठाला चकचकीत साटीनची पट्टी, आणि तिची शिलाई नायलॉनच्या दोऱ्याने. ती पाहूनच मला शंका आली.

घरात कॉम्प्युटरच्या मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीड्यांची चळत होती, एकदाची कामाला आली. सीडीच्या चमकत्या बाजूवर टॉवेलचा मधला भाग दाबून वीस वेळा घासला, मग दुसरी सीडी घेऊन तिच्यावर काठ घासला. सीडीचं प्लास्टिक क्लिअरकोटपेक्षा हळवं, त्यामुळे परीक्षा जरा कडकच म्हणायची. मधल्या भागाने काही केलं नाही. काठाने बारीक रेघा ओढल्या, खिडकीकडे धरल्यावर स्पष्ट दिसणाऱ्या. म्हणजे साडेसहाशे रुपयांचा संच, कापड रेशमासारखं आणि चारही बाजूंना करवत. लेबल शिवलेलं होतं तेही तसंच, कडक आणि टोकदार. टॉवेल कुठलाही घ्या, लेबल आधी काढा. कात्रीने कापू नका, त्याचं बोटभर खुंट राहतं आणि ते आणखी टोचतं. ब्लेडने टाका उसवा.

चौथा म्हणजे ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसलो तो. बिनकाठाचा. शिलाईच नाही, कापड कापून तसंच सोडलेलं. ३५० जीएसएम, दहाचं पाकीट, ९०० रुपये. काट्यावर कुणी ५५, कुणी ५७ ग्रॅम, हिशेबाने ५६ हवे होते. हातात घेतल्यावर पातळ वाटतो. बायको म्हणाली, "नव्वद रुपयाला हे असलं फडकं?" मलाही पहिल्या दिवशी तसंच वाटलं. पण तो चार घड्या करून वापरायचा असतो. घडी घातली की तळहाताखाली गादी तयार होते आणि दोन्हीकडून मिळून आठ स्वच्छ बाजू मिळतात. जाड टॉवेलाची चौपदरी घडी हातात मावत नाही, मग माणूस मळलेलीच बाजू पुन्हा फिरवतो. सीडीवर काठाने रेघ नाही. पहिल्या दोन धुण्यांत कडेने थोडा कोंडा सुटला, नंतर बंद झाला.

आणखी एक ओळख सांगतो, ही दुकानात उभ्या उभ्या होते. कोरड्या तळहातावर टॉवेल हलकेच ओढायचा. खऱ्या मायक्रोफायबरचा तंतू कारखान्यात चिरलेला असतो, एकाचे अनेक बारीक धागे झालेले असतात, त्यांना कडा असतात. त्या हाताच्या खरबरीत कातडीत अडकतात. माझे हात पेंट शॉपचे, थिनरने भाजलेले, माझ्या हाताला तर टॉवेल चिकटूनच राहतो. जो गुळगुळीत घसरतो त्याचा तंतू चिरलेला नाही. घरी आणल्यावर स्टीलच्या ताटात चमचाभर पाणी टाकून त्यावरून ओढा. चांगला टॉवेल पाणी पितो, दुसरा पाण्याला ढकलत ताटाच्या कडेला नेतो. पाकिटावर ८०/२० किंवा ७०/३० लिहिलेलं असतं, ते पॉलिस्टर आणि पॉलिअमाईड (म्हणजे नायलॉन) यांचं प्रमाण. ७०/३० महाग. घरी ते तपासायची सोय नाही, म्हणून त्याच्यासाठी जास्त पैसे मोजायला मी तयार नाही.

पाचवा, अंग पुसायचा. गाडीचं अंग. ६० बाय ९०, पिळाच्या दोऱ्यांच्या लूपचा, ११०० जीएसएम, १३०० रुपये. वजन ५९४ हवं, ५८५ भरलं. हा मात्र पैसे वसूल. ओल्या छपरावर पसरायचा, दोन टोकं धरून आपल्याकडे ओढायचा, दाबायचा नाही. एका ओढीत अर्धं छप्पर कोरडं. आमच्या सोसायटीत वरच्या टाकीला बोअरचं पाणी मिसळतं, तेव्हा पाणी गाडीवर वाळू दिलं की पांढरे ठिपके उठतात. काळ्या गाडीवर तर चुना शिंपडल्यासारखे. त्यामुळे धुण्यापेक्षा सुकवणं महत्त्वाचं झालंय. तोटा एवढाच की ओला झाल्यावर हा मला एकट्याला पिळवत नाही. जावईबापू दुसरं टोक धरतात, आम्ही दोघं उलट दिशांना पीळ देतो. सासरा-जावयाने मिळून करायची कामं तशी फार नसतात.

जावईबापूंवरून आठवलं. त्यांची द्राक्षबाग दिंडोरी तालुक्यात. छाटणीनंतर फवारणीचा ब्लोअर फिरायला लागला की बांधावर उभ्या गाडीवर बोर्डो या औषधाचे निळसर ठिपके पडतात. मोरचूद आणि चुना. याला कितीही महागाचा टॉवेल कोरडा लावला तरी गाडीचं वाटोळंच, कारण चुन्याचे कण घासले जातात. आधी भरपूर पाणी, मग शाम्पूचा फेस, मग पुन्हा पाणी, आणि त्यानंतर टॉवेल. सध्या सिंहस्थाच्या कामांमुळे शहरात जिथे तिथे रस्ते खोदलेत. त्या धुळीलाही हाच नियम. टॉवेलची लव एखाद-दुसरा कण पोटात घेते, मूठभर मुरूम नाही.

धुण्याचं प्रकरण वेगळंच आहे आणि बहुतेकांचे टॉवेल तिथेच मरतात. सुती कपड्यांबरोबर टाकले की सुताचा कोंडा लवेत अडकतो आणि मग काचेवर उतरतो. सुगंधी कंडिशनर टाकला की तंतूंवर थर बसतो, पाणी पिणं बंद. ब्लीचने पॉलिअमाईड खराब होतं. फार गरम पाणीही नको. मी पातळ डिटर्जंट अर्ध्या मापाने टाकतो, पाणी कोमट, आणि जास्तीचं एक खळबळणं. वाळत घालतो बाल्कनीत, सावलीला. गच्चीवर एकदा घातले तर वाऱ्याने दोन खाली पडले आणि बोगनवेलीची सुकी पानं, बारीक खडे, सगळं लवेत घेऊन आले. जमिनीवर पडलेला टॉवेल पुन्हा बॉनेटला लावायचा नाही, हा माझा नियम. तो चाकांच्या बादलीत जातो. द्वारकाचे ते ५७५ वाले सगळे आता तिथेच आहेत, आणि साटीनच्या काठाचे चार डॅशबोर्डला.

चाकांची फडकी मशीनमध्ये टाकायला बायकोची सक्त मनाई आहे. ब्रेकची काळी भुकटी तिच्या साड्यांना लागेल म्हणते, आणि तिचं बरोबर आहे. ती मी बादलीत हाताने धुतो.

कुणाला थेट उत्तर हवं असेल तर पहिल्या खेपेला बिनकाठाचे दहा आणि मोठा एक घ्या, २२०० रुपयांत काम झालं. काचेसाठी जाळीच्या विणीचा वेगळा मिळतो, तो मी अजून घेतलेला नाही, बिनकाठाचाच कोरडा वापरतो आणि भागतं. पेट्रोल पंपाच्या दिव्याखाली आता बॉनेटवर जुनं जाळं दिसतं, नवीन वाढलेलं नाही. दर महिन्याला टॉर्च लावून बघतो, कारखान्यातली सवय.

दहापैकी नऊच उरलेत मात्र. परवा मोजताना एक निळा कमी भरला. शोधला तर देवघरात, समईला पितांबरी लावून पुसायला घेतलेला. समई झकास निघाली होती. "अहो, काय मऊ फडकं आहे हे, आणखी आहेत का?" असं विचारणं झालं. तो आता तिथेच राहील. उरलेले नऊ मी गाडीच्या डिकीत हलवलेत.